एवढा पावसाया निंगून जाईन

अकोल्याच्या जुन्या शहरात कुणी छप्पर बदलायला काढलं, की गल्लीतला पहिला प्रश्न ‘किती लागले?’ हा नसतो. ‘पोरीचं जमलं का?’ हा असतो. मुलगी नसेल तर मुलाचं. तोही लग्नाचा नसेल तर गल्ली अस्वस्थ होते. विनाकारण छप्पर बदलणाऱ्या माणसानं एक तर वावर विकलेलं असतं, नाही तर पुण्याच्या पोरानं पैसे पाठवलेले असतात. आणि या दोन्ही बातम्या आपल्याला आधी कशा कळल्या नाहीत, याचं गल्लीला खरं दुःख होतं. ‘गळत होतं म्हणून बदललं’ असं कुणी सांगितलं तर ते कुणी मनावर घेत नाही. गळत तर सगळ्यांचंच असतं.

म्हणून छप्पर बदलायची वेळ कशी ओळखावी, हा आमच्याकडे इंजिनिअरचा प्रश्न नाही, सोयरिकीचा आहे. छप्पर आपल्या परीनं दहा-दहा वर्षं सांगत असतं. फक्त त्याच्या सांगण्याला घरात वजन नसतं.

असदगडाच्या तटावरून खाली बघितलं की छपरांच्या चारही जाती शेजारी-शेजारी नांदताना दिसतात: धाबं, कवेलू, टिन आणि स्लॅब. (असदगडाचंही वय झालंय. औरंगजेबाच्या अमलात असद खानानं तो बांधला, १६९७ साली. ‘त्याच्या तटायले छप्परच नाही, म्हनून तं टिकले,’ असं आमचे मिस्त्री म्हणतात, आणि म्हणताना आपल्याच घराच्या छपराकडे बघतात.)

यात वयानं मोठं धाबं. खाली सागाचे मयाल, त्यावर आडव्या दांड्या, त्यावर किलच्या, त्यावर कडुलिंबाचा पाला, मग चिखल आणि सगळ्यात वर खारी माती. खारी माती ही आमच्या मुलखाची देणगी म्हणावी की शाप, हे तुम्ही वावरात उभे आहात की घरात, यावर ठरतं. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांत जो खारपाणपट्टा पसरलाय, त्यानं शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या रडवलं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि त्याच पाण्यावर ओलित केलं तर जमीन कडक होते. त्या मातीत सोडियम फार. पाणी पडलं की मातीचे कण सुटे होतात, बारीक भोकांत जाऊन बसतात आणि पाण्याची खाली जायची वाटच बंद करतात. वावरात हा गुन्हा, धाब्यावर हाच गुण. काळी माती तिथं कामाची नाही. ती उन्हाळ्यात अशी भेगाळते की वरून पडलेला रुपया थेट स्वयंपाकघरात मिळेल.

तर धाब्यावर दरसाल मृगाच्या आधी खारीचा नवा थर द्यायचा आणि धुम्मसानं चोपायचा, असा रिवाज. थर द्यायचा रिवाज आहे, काढायचा नाही. आज्यानं दिला, बापानं दिला, आता नातू देतो. दहा बाय बाराच्या खोलीवर अशी फूटभर माती चढली आणि ती भिजली, की तिचं वजन सहा टनांच्या घरात जातं. तिच्याच खाली खाट टाकून घरातला सगळ्यात अनुभवी माणूस घोरत असतो.

मयाल वाकतो. मयाल वाकला की चौकट आवळते आणि दार लागेनासं होतं. हा छपराचा पहिला लेखी अर्ज. पण अर्ज घ्यायला आमच्याकडे मिस्त्री येत नाही, सुतार येतो. तो दाराला वरून रंधा मारतो, दार लागतं, सगळे चहा पितात. पुढच्या साली पुन्हा अर्ज, पुन्हा रंधा, पुन्हा चहा. माझ्या पाहण्यातल्या एका घरात हे इतकी वर्षं चाललं, की शेवटी छप्पर काढून चौकट सरळ केली तेव्हा दाराच्या डोक्यावर वीतभर फट उघडी पडली. दार नवं घ्यावं लागलं, सागाचं. घरधनी अजून सांगतात, ‘छपरानं नाही बुडवलं मले, दारानं बुडवलं.’

दुसरी खूण म्हणजे धाब्यावर उगवलेला पिंपळ. पिंपळ तोडता येत नाही, धर्माचं काम. त्याला धाब्यावर राहू दिलं तर त्याची मुळं मयालापर्यंत येतात, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. यावर जुन्या शहरानं काढलेली तोड अशी, की शनिवारी जाऊन त्याला पाणी घालायचं. छपराला पाणी चालत नाही म्हणून वर्षभर काळजी वाहणारी माणसं त्याच छपरावर स्वतः तांब्या नेऊन ओततात.

कवेलूची गोष्ट वेगळी. कवेलू फुटतो, आणि तो वानर फोडतो. ‘इंग्रजी कवेलू’ नावाचा जो चौकोनी, लाल, खाचांचा प्रकार आहे तो बासेल मिशनच्या जर्मन पाद्र्यांनी १८६५ मध्ये मंगळुरात काढला. त्यांनी ऊन, पाऊस, वारा सगळ्याचा विचार केला होता. चिंचेवरून उडी मारणाऱ्या वऱ्हाडी वानराचा केला नव्हता. टोळी आली की अख्खी गल्ली ‘हाट् हाट्’ करत बाहेर येते, पण दगड कुणी मारत नाही. मारुतीचा अवतार. एक तर दगड लागला तर पाप, आणि नाही लागला तर तो आपल्याच कवेलूवर पडतो. पूर्वी उन्हाळ्याच्या शेवटी घर फेरायला माणसं यायची. पाखं उतरवून, फुटका कवेलू बाजूला काढून, चांगला पुन्हा बसवायची. पाय नेमका खालच्या बत्त्यावर टेकवत ती अशी चालायची की एक कवेलू हलायचा नाही. आता फेरणारा मिळाला तरी तो चार जुने फुटके बदलताना सहा नवे फोडतो, आणि मजुरी दहाची घेतो.

मग लोक टिन टाकतात. वानरांना टिन फार आवडतं. त्याला आवाज असतो. पहाटे पाचला टोळी टिनावरून गेली की गल्लीतला एकही माणूस अभ्यासाला, पूजेला किंवा पाण्याच्या नळाला उठायचा राहत नाही.

टिनाला नागमोडी वळणं द्यायची युक्ती १८२९ साली लंडनच्या हेन्री रॉबिन्सन पामर या गोदीच्या इंजिनिअरनं काढली. वळणामुळे पातळ पत्र्याला ताठपणा येतो. या वळणाच्या उंचवट्यावर खिळा ठोकायचा, खोलगटात नाही, एवढंच पथ्य. कारण पाणी खोलगटातून वाहतं. पण खोलगटात हातोडी छान बसते, म्हणून आमच्याकडे खिळा खोलगटात. वर उन्हाचा मार. दहा फुटी पत्रा पहाटेपासून दुपारपर्यंत चाळीस अंशांनी तापला तर जवळपास दीड मिलिमीटर वाढतो आणि रात्री तेवढाच आटतो. खिळा जागचा हलत नाही, पत्रा हलतो; भोक रोज जरा जरा मोठं होतं. रात्री टिनाचा ‘टण्’ असा आवाज येतो तो हाच. आमच्या लहानपणी आजी सांगायची, वरून हडळ चालली. ती चालली होती हे खरंच, दीड मिलिमीटर.

टिनाचं वय ओळखायला गंज बघायची गरज नाही, वरचे दगड बघायचे. नव्या टिनावर दगड नसतो. पहिल्या वारावावधनात एक कोपरा फडफडला की एक दगड चढतो, मग वीट, मग पाटा, मग जुना टायर. ज्या घराच्या टिनावर फुटकं जातं दिसेल, त्यानं आता बदलावं. दुसरी परीक्षा आणखी सोपी. भर दुपारी दार लावून, दिवा बंद करून घरात उताणं पडायचं. वर चांदणं दिसलं तर टिन संपलं. मात्र ही परीक्षा घेणारा माणूस दोन मिनिटांत झोपतो आणि उठून सांगतो, ‘काही नाही, ठीक हाय.’

आता समजा, संपलं हे पटलं. बदलायचं कधी?

पावसाळ्यात छप्पर उघडता येत नाही, यावर दुमत नाही. पाऊस उघडला की महालक्ष्म्या, दसरा, दिवाळी. शिवाय आता गळत नाही, तर घाई कशाला? हिवाळ्यात घर उघडं टाकून माणसं कुठं झोपवायची? संक्रांतीनंतर लग्नं, मार्चात पोरांच्या परीक्षा. एप्रिलमध्ये कुरड्या, पापड, सरगुंडे वाळत घालायचे असतात, आणि त्यासाठी छप्पर जागेवर लागतं. राहिला मे. अकोल्याचा मे कसा असतो, हे अकोल्याबाहेरच्या माणसाला एकाच वाक्यात सांगता येतं: २०२४ साली पारा ४५ अंशांच्या पुढं गेला तेव्हा इथं १४४ कलम लावलं होतं, आणि ते निव्वळ उन्हासाठी. अशा उन्हात टिनाला हात लावायचा म्हणजे चिमटा लागतो. मजूर सकाळी सहाला येतो, दहाला जातो. सहा ते आठ तो सामान शोधतो आणि आठ ते दहा आपण त्याला पाणी पाजतो.

त्यात आखाजीला भेंडवळची घटमांडणी येते. बुलडाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातलं हे गाव. तिथं अक्षय तृतीयेला शेतात घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, रात्रीतून धान्य कसं सरकलं ते बघून, पाऊस-पिकाचं भाकीत सांगतात. शेतकरी ते पेरणीसाठी ऐकतो. जुनं शहर ते छपरासाठी ऐकतं. पाऊस साधारण सांगितला, की यंदा बदलायची गरज नाही; भेंडवळचं खोटं होत नाही. पाऊस भरपूर सांगितला, की भेंडवळचं कुठं दरसाल खरं होते? असा दोन्हीकडून पैसा वाचतो. मग रोहिणी जातात, ७-८ जूनला मृग लागतो, आणि पहिल्या सरीला मातीचा वास घ्यायला सगळे बाहेर येतात. वास घेऊन आत गेलं की तोच वास आतही येत असतो.

जपानात इसे नावाचं तीर्थ आहे. तिथली देवळं दर २० वर्षांनी छपरासकट नवी बांधतात, जुनी गळोत न गळोत. मागची २०१३ मध्ये झाली, पुढची २०३३ ला. तारीख ठरलेली, विषय संपला. हे मी आमच्या शेजारच्या काकाजींना सांगितलं. ते बराच वेळ विचारात पडले आणि म्हणाले, ‘अन् जुन्या सागवानाचं काय करते मंग?’

पाऊस लांबला तर मात्र आमची फार कुचंबणा होते. शेवटच्या श्रावण सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन कावड राजेश्वराच्या देवळात येते. १९४४ मध्ये पावसानं दडी मारली तेव्हा हे सुरू झालं, असं जुनी माणसं सांगतात. म्हणजे अकोल्याची सगळ्यात मोठी यात्रा मुळात पाऊस मागण्याची. त्यात घरावर पन्नी टाकून आलेला माणूसही असतो. खांद्यावर भरण्यांचं ओझं, पाय सुजलेले, घसा बसलेला, तरी ‘हर्र बोला महादेव’ची ललकारी पूर्ण ताकदीनं. देवाला तो नेमकं काय मागत असेल, हे मला एकानं विश्वासात घेऊन सांगितलं: वावरावर पडू दे, गावठाणावर नको. जुन्या शहरातल्या प्रत्येक स्लॅबची चाचणीही त्याच दिवशी होते, कारण कावड बघायला गच्चीवर साठ-सत्तर पाहुणे चढतात आणि घरमालक खालच्या खोलीत बसून छताकडे बघत असतो. त्याला कावड दिसतच नाही.

गळतं घर चालवणं हे एक शास्त्र आहे, आणि ते बायकांच्या हातात आहे. कुठल्या थेंबाखाली काय ठेवायचं हे ठरलेलं असतं. भिंतीजवळच्या धारेला बकेट, मधल्या संथ थेंबाला गंज, उताराला कोपर. पितळेच्या गुंडात थेंब पडला तर घरातलं कुणी झोपत नाही, म्हणून त्यात जुन्या धोतराचं फडकं टाकायचं. आवाजही मरतो आणि शिंतोडाही उडत नाही. गंज नेमका कधी भरतो हे झोपेतही कळतं. रात्री दोनला उठून, डोळे न उघडता, भरलेला गंज उचलून त्याच हातानं रिकामा सरकवताना मी माणसं बघितली आहेत. पाहुणा आला तर त्याची गादी कोरड्या जागी, जावई आला तर कोरड्या आणि खिडकीच्या जागी. अशा घरात दोनच कोरड्या जागा असतात. जावई दोन झाले की घराला स्लॅब पडतो.

फ्रँक लॉइड राइट हे अमेरिकेतले फार मोठे वास्तुरचनाकार. त्यांच्याबद्दल एक किस्सा सांगतात. त्यांनी विस्कॉन्सिनमध्ये एका उद्योगपतीला बंगला बांधून दिला. तिथं मेजवानी चालू असताना वरून पाणी टपकलं ते नेमकं यजमानाच्या टकलावर. त्यानं तिथूनच फोन लावला. राइट यांनी सल्ला दिला, की खुर्ची बाजूला सरकवा. हा सल्ला आमच्या आज्या फी न घेता देत आल्या आहेत: ‘खाट तिकडे सरकव अन् झोप.’ फरक इतकाच, की राइट यांची घरं बघायला लोक तिकीट काढून जातात.

सगळ्यात अवघड छप्पर मात्र दोन भावांचं. आढं एक, पाखं दोन. थोरल्याच्या बाजूनं पूर्वेचं पाखं, धाकट्याच्या बाजूनं पश्चिमेचं, आणि मध्ये भिंत उभी राहून वीस वर्षं झालेली. वाटणीपत्रात घर, विहीर, चिंच, देवघरातले देव, आजीचा पाटा-वरवंटा, सगळं नीट लिहिलेलं असतं. आढ्याचा उल्लेख नसतो. पाणी अर्थातच आढ्यातून गळतं. थोरला म्हणतो, ‘त्याच्या भागातून येते.’ धाकटा म्हणतो, ‘दादाच्या भागातून येते.’ पाणी बिचारं वाटणीपत्र न वाचता दोघांकडेही जातं. एकट्यानं आपलं पाखं बदलायचं म्हटलं तर आढ्यावरचे कवेलू उचलावे लागतात आणि ते सामायिक. सही पाहिजे. सहीसाठी बोलावं लागतं. बोलणं बंद आहे. शेवटी एक जण हिय्या करून आपल्या अर्ध्या भागावर स्लॅब टाकतो, आढं मधोमध करवतीनं कापलं जातं, आणि स्लॅब व कवेलू जिथं भेटतात त्या सांध्यातून पुढची पन्नास वर्षं दोन्ही घरांत सारखंच पाणी येतं. वडिलांच्या माघारी त्या घरात एवढी समान वाटणी दुसऱ्या कशाचीच झालेली नसते.

या सगळ्यात निदान करणारी दोन माणसं. एक मिस्त्री, दुसरा भाचा.

मिस्त्री घरात शिरताना चप्पल काढतो आणि वर बघतो. कुणाशी बोलत नाही. हातोडीच्या दांड्यानं मयाल ठोकतो आणि कान देतो. भरीव आवाज आला तर पुढं सरकतो, पोकळ आला तर मान हलवतो. मग स्टुलावर चढून मयालाचं भिंतीत शिरलेलं टोक शोधतो. लाकूड मधे कधीच आधी जात नाही, ते भिंतीतल्या ओलीजवळ जातं, आणि उदईही तिथूनच चढते. तिथं तो पेचकस टेकवतो. पेचकस न ढकलता बोटभर आत जातो. मिस्त्री खाली उतरतो, हात झटकतो आणि निकाल देतो: ‘भाऊ, हे घर आता भित्तीच्या भरोशावर नाही. तुमच्या पुण्याईवर हाय.’

यावर घरधनी एकच प्रश्न विचारतो. तो जुन्या शहरात गेली शंभर वर्षं विचारला जातोय. ‘एवढा पावसाया निंगून जाईन ना?’

मिस्त्री इथं पेचात सापडतो. नाही म्हटलं आणि घर उभं राहिलं, तर पुढं जन्मभर ‘त्यानं सांगतलं होतं पडते, पाहा उभं हाय’ असं ऐकायचं. हो म्हटलं आणि पडलं, तर ऐकवायलाही कुणी उरायचं नाही. म्हणून तो म्हणतो, ‘निंगून तं जाईन. फक्त त्या खोलीत झोपू नका. अन् बसू बी नका.’ घरधनी यातलं पहिलं वाक्य घरात सांगतो.

भाचा अमरावतीला इंजिनिअर झालेला असतो. तो मोबाइल भिंतीला टेकवून लेव्हल बघतो आणि सांगतो, की महापालिका कायद्याप्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. मामा शांतपणे विचारतात, ‘आमच्या घराले दीडशे झाले. म्हंजे पाच ऑडिटं मांगं पडले का?’ भाचा चहा घेऊन जातो. शिकस्त घरांना पावसाळ्याआधी नोटिसा निघतात, त्यातली एक इथंही आलेली असते. ती देव्हाऱ्यामागं खोचलेली असते, कारण तिथं गळत नाही.

स्लॅब टाकला की हे सगळं संपतं, असा समज आहे. स्लॅब गळत नाही, असं मानायची पद्धत असल्यामुळे तो गळला की आळ आधी वरच्या नळावर येतो, मग कूलरवर, मग शेजाऱ्याच्या गच्चीवर. खरा आरोपी बहुधा विहिरीत असतो. सळीच्या काँक्रीटसाठी जे पाणी वापरायचं, त्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड नको, असं भारतीय मानक सांगतं. खारपाणपट्ट्यातल्या बोअरला हे कुणी सांगितलेलं नाही. ज्या क्षारांनी वावर नासलं, तेच क्षार पाण्यातून स्लॅबमध्ये जातात आणि सळीला गंज चढवतात. गंजलेलं लोखंड फुगतं, त्याला जागा लागते, आणि ते खालचं प्लॅस्टर ढकलून देतं. म्हणून जेवताना ताटात पापुद्रा पडला तर वर बघावं. सळी दिसली तर पुढचं जेवण दुसऱ्या खोलीत घ्यावं. लोक काय करतात? वर गच्चीवर डांबर ओततात, त्यावर कोबा करतात, त्यावर पांढरा रंग मारतात. म्हणजे आजारी सळीच्या डोक्यावर आणखी दोन टन. धाब्याचा स्वभाव पिढीनं बदलत नाही, फक्त मातीच्या जागी सिमेंट येतं.

तर अशा घरात एक दिवस फोन येतो, की रविवारी मंडळी मुलगी बघायला येतायत. आजवर आढं, मयाल, मिस्त्री, भाचा, नोटीस यांच्यापैकी कुणालाही जे जमलं नाही ते या एका फोननं होतं. घरातली सगळी माणसं पहिल्यांदाच वर बघतात. पाहुणे कांदेपोहे खाताना खाली बघतात, पण चहाच्या वेळी बशी तोंडाला लावली की मान वर जातेच. त्या एका क्षणात छत दिसतं. ओलीचे पिवळे डाग दिसतात. ‘घर जुनं दिसते’ एवढंच वरपक्षाची काकू म्हणते आणि मुलीचा बाप रात्रभर जागा राहतो. काही जण रविवारपुरता पांढरा चांदवा बांधतात. धीट असले तर गळक्या टिनाखाली पीओपीची नक्षी करून घेतात. या नक्षीचा गुण असा, की ती पाणी थेंबाथेंबानं येऊ देत नाही. पाच-सहा पावसांचं साठवते आणि मंडळी बैठकीत बसली की फुलासकट एकदम खाली देते.

अलीकडे आणखी एक पाहुणा वर बघायला लागलाय: सोलरवाला. २०२४ च्या फेब्रुवारीत सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान. अकोल्यात उन्हाला तोटा नाही, तेव्हा गल्लीत उत्साह संचारला. पोरगा टॅबलेट घेऊन आला आणि म्हणाला, पॅनेलची २५ वर्षांची गॅरंटी आहे, छपराची किती? ज्या छपराला दर मृगात तीन महिन्यांची मुदतवाढ मिळते, त्याच्या मालकाला इतका मोठा आकडा ऐकायची सवय नव्हती. तो म्हणाला, ‘तुमच्या पॅनेलखाली पाऊस लागत नशीन ना? मंग सगळ्या घरावरच टाकून द्या.’

आमच्या गल्लीत यंदा एका घरी मुलीचं जमलं, आणि मे महिन्यातच स्लॅब पडला. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत निदान दहा दिवस पाणी मारायला पाहिजे, म्हणून वर सिमेंटचे वाफे करून त्यात पाणी साचवलं. नळाच्या दिवसांची आणि स्लॅबच्या तहानेची गाठ पडेना, तेव्हा शेजारच्या काकाजींनी आपल्या हौदातलं दिलं. तेच ते, जपानच्या सागवानाची चौकशी करणारे. त्यांचं घर अजून कवेलूचं, आढं जरा बसकं, बाकी ठणठणीत. कार्य पार पडलं, मिस्त्रीनं जाता जाता गच्चीच्या पाण्याला चार इंची पाइप बसवला आणि त्याचं तोंड जिकडं उतार होता तिकडं काढलं. दुसऱ्या दिवशी हिशेबाला आले तेव्हा मिस्त्री पैसे मोजून झाल्यावर उठून काकाजींच्या भिंतीला टेप लावायला लागले. काकाजी ओट्यावरूनच म्हणाले, ‘आमचं कायले मोजता? आमचं काही गयत नाही.’

‘आजवर नाही गयलं,’ मिस्त्री टेपचं टोक धरून म्हणाले. ‘पाइप कालच बसवला.’